तंबूच्या दारातील वैद्य : जेम्स गिल्मोर यांच्या 'अमंग द मंगोल्स'विषयी

परधर्माच्या उपदेशकाने लिहिलेला ग्रंथ हाती घेताना आपल्यापैकी पुष्कळांचे मत पहिले पान उलटण्यापूर्वीच ठरलेले असते. त्यात नवल नाही. ज्यांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात कुलदेवतेची मूर्ती उराशी धरून साष्टी, बारदेस आणि तिसवाडी सोडली व नदीपार जाऊन नवी देवळे उभारली, त्या कुटुंबांत धर्मांतर हा शब्द कोशातून येत नाही. तो आजीच्या तोंडून येतो. तथापि वाङ्मयाचा विचार करताना एवढ्यावर थांबता येत नाही. ग्रंथ कोणत्या हेतूने लिहिला गेला हा एक प्रश्न, आणि लिहून झाल्यावर तो काय ठरला हा दुसरा. या दोहोंची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत, आणि जेथे ती जुळत नाहीत तेथे समीक्षकास थोडे थांबावे लागते.

जेम्स गिल्मोर यांचा 'अमंग द मंगोल्स' हा ग्रंथ १८८३ साली लंडनच्या रिलिजस ट्रॅक्ट सोसायटीने प्रसिद्ध केला. उंट, घोडे आणि मेंढ्या घेऊन मंगोलियाच्या कुरणांतून फिरणाऱ्या लोकांत औषधांची पेटी आणि धर्मपुस्तके घेऊन हिंडलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची ही हकीकत आहे. मिशनच्या चाहत्यांनी ती संतचरित्र म्हणून वाचली. मिशनविषयी ज्यांच्या मनात अढी आहे ते असल्या ग्रंथास औषधाच्या आमिषाचा पुरावा समजून बाजूस सारतात. आम्हांस वाटते की या दोन्ही पक्षांनी ग्रंथ पुरता वाचलेला नाही. या ग्रंथातील मंगोल औषध घेतो आणि धर्म नाकारतो. आणि ज्याने या दोन्ही वस्तू देऊ केल्या त्यानेच ही गोष्ट काही न लपवता लिहून ठेवली आहे. ग्रंथाचे सारे मोल आणि सारा पेच यातच आहे.

गिल्मोर यांचा जन्म १८४३ सालचा, ग्लासगोजवळच्या कॅथकिन या गावचा. ग्लासगो विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले, पुढे ते लंडन मिशनरी सोसायटीत दाखल झाले आणि १८७० च्या मे महिन्यात पेकिंगला पोचले. पुढच्याच महिन्यात तिएन्त्सिन येथे भयंकर दंगल उसळली. ख्रिस्ती जोगिणी मुले पळवतात व औषधासाठी त्यांचे डोळे आणि काळीज काढतात, अशी अफवा उठली आणि जमावाने परदेशी लोकांची व चिनी ख्रिस्त्यांची कत्तल केली. अशा वेळी नवखा मनुष्य किनारा धरून राहिला असता तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. गिल्मोर ऑगस्टमध्ये उलट दिशेस निघाले आणि गोबीचे वाळवंट ओलांडून रशियाच्या सीमेवरील क्याख्ता या व्यापारी गावी गेले. त्या बाजूस बुर्यात मंगोलांमध्ये त्यांच्याच सोसायटीचे काम पूर्वी एकदा चालले होते. तेथील मिशनऱ्यांनी बायबलचे मंगोल भाषांतरही केले होते. परंतु १८४१ च्या सुमारास रशियन सरकारच्या हुकमाने ते ठाणे उठले. भाषांतर मागे राहिले, मिशन राहिले नाही. तो तुटलेला धागा जोडावयाचा, हे गिल्मोर यांचे काम होते.

भाषा पुस्तकातून येत नाही हे ध्यानी येताच त्यांनी जे केले ते मोठे अर्थपूर्ण आहे. ते एका लामाच्या तंबूत जाऊन राहिले. दिवसभर कोणी ना कोणी चुलाणापाशी येऊन बसे, गप्पा होत, आणि हा पाहुणा कान देऊन ऐके व शब्द टिपून घेई. म्हणजे ज्या धर्माचे जू या लोकांच्या मानेवरून उतरवावयाचे असा त्यांचा संकल्प होता, त्याच धर्माच्या एका साधूने त्यांस निवारा दिला, चहा दिला आणि वाणी दिली. गिल्मोर यांनी हे ऋण सांगितले आहे. त्या ऋणाचा अर्थ मात्र त्यांनी फारसा शोधलेला नाही. या मुद्द्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

प्रथम ग्रंथाचे गुण. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यास दोन मोह असतात, एक देखाव्याचा आणि दुसरा स्वतःच्या पराक्रमाचा. गिल्मोर दोन्हींपासून बव्हंशी मुक्त आहेत. त्यांची दृष्टी वस्तूवर ठरते. तंबूच्या जवळ येताना कुत्री आवरण्यासाठी हाक द्यावी लागते, ती का. चाबूक दाराबाहेर का ठेवावा. तपकिरीची डबी कशी पुढे करावी आणि कशी परत द्यावी. वाळलेल्या शेणाच्या जाळावर चहा कसा उकळतो आणि त्यात दूध केव्हा पडते. हे सारे ते अशा निवांतपणे सांगतात की वाचक नमद्याच्या त्या गोल तंबूत मांडी घालून बसल्यासारखा होतो. हिवाळ्यात कामाकाजासाठी पेकिंगला उतरणाऱ्या मंगोलांच्या तळांची वर्णने अशीच सरस आहेत. कुरणावर घोड्याच्या पाठीवर राजासारखा दिसणारा मनुष्य शहराच्या गल्लीत कसा बावरतो आणि व्यापाऱ्याकडून कसा नाडला जातो, हे त्यांनी हसत पाहिले आहे, पण तुच्छतेने पाहिलेले नाही. त्या काळच्या एका इंग्रज परीक्षकास हा ग्रंथ वाचून रॉबिन्सन क्रूसोची आठवण झाली ती उगीच नव्हे. साधी वस्तू तिच्या उपयोगासह सांगण्याची हातोटी दोघांत सारखीच आहे.

दोषही स्पष्ट आहेत. प्रवासाचा सलग वृत्तांत मागे पडून विषयवार प्रकरणे येऊ लागली की बांधणी सैल होते. एकच माहिती दोनदा भेटते. काळाचा क्रम वाचकास स्वतः लावून घ्यावा लागतो. परंतु हे कारागिरीचे दोष झाले. त्यांहून मोठा दोष दृष्टीचा आहे आणि तो औषधाच्या प्रकरणातून पुढे येतो. तेच प्रकरण या ग्रंथाचे हृदय असल्यामुळे तेथे थोडे अधिक रेंगाळणे भाग आहे.

गिल्मोर शिकलेले डॉक्टर नव्हते. ही गोष्ट त्यांनी कोठेही झाकलेली नाही. पेकिंगमधील मिशनच्या इस्पितळात बसून, पाहून आणि विचारून जेवढे जमले तेवढे त्यांनी उचलले व साधी औषधे बरोबर घेऊन ते कुरणांकडे निघाले. रोगीही साध्या रोगांचे येत. खरूज, संधिवात आणि डोळ्यांचे विकार यांचा भरणा विशेष. डोळ्यांचे कारण लेखकाने अचूक हेरले आहे. वर ऊन, वारा आणि बर्फाची चकाकी, आणि आत तंबूत कोंडणारा शेणाचा धूर. रोगी येऊन बसे आणि काही न बोलता मनगट पुढे करी. नाडी पाहून वैद्यानेच रोग सांगावा, रोग्याने सांगितला तर वैद्य तो कसला, अशी तेथील समजूत! हे वाचताना आपल्याकडील जुन्या वैद्यांच्या ओसरीची आठवण कोणास होणार नाही?

मागण्यांचे वर्णन तर मोठे मनोरम आहे. कोणास हुशार व्हावयाचे आहे, कोणास लठ्ठ. कोणास तंबाखू सुटावी, कोणास दारू सुटावी, तर कोणास भूकच लागू नये. कुस्तीत जय मिळावा म्हणून कोणी औषध मागतो. दाढी वाढावी ही पुष्कळ पुरुषांची इच्छा, आणि कातडी गोऱ्या माणसासारखी व्हावी ही जवळजवळ सर्वांचीच. येथे गिल्मोर यांच्यातील उपदेशक गप्प बसतो आणि माणूस बोलतो. हे लोक भाबडे आहेत असे ते म्हणत असले, तरी त्या यादीत मानवजातीच्या नित्याच्या तक्रारीच तेवढ्या आहेत हे त्यांच्या हसण्यातून कळून येते. आपल्या जत्रांत औषधाच्या पुड्या विकणाऱ्या वैदूपुढे जी गर्दी जमते, तिच्या मागण्या याहून फार निराळ्या नसतात.

दुसरा एक प्रसंग याच्याही पुढचा आहे. दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत जखमी झालेल्या एका सैनिकाचे मोडलेले हाड बसवण्याची पाळी गिल्मोर यांच्यावर आली. शरीररचनेचे ज्ञान नाही, पुस्तक नाही, सांगणारा कोणी नाही. इतक्यात केवळ अस्थिचर्म उरलेला एक रोगट मनुष्य समोर आला. गिल्मोर यांनी त्याच्या अंगावरील हाडे पाहून, चाचपून कोणते हाड कोठे असते ते समजून घेतले आणि त्यावरून सैनिकाचे हाड बांधले. मिशनची चरित्रे ईश्वरी साहाय्याचे उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगतात. आमच्या मते तिच्यात निराळेच काही आहे. त्या उपाशी माणसाचे शरीर या प्रसंगी विद्येचा ग्रंथ झाले, आणि तो स्वतः मात्र या साऱ्या हकीकतीत अनामच राहिला. पुढे त्याचे काय झाले? गोष्ट सांगणारा ते सांगत नाही. सेवेच्या कथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही जागा पुन्हा वाचावी. ज्याच्यामुळे सेवा घडली त्यास विसरून सेवा करणाऱ्याचे नाव तेवढे लक्षात ठेवणे, हा दोष एकट्या गिल्मोर यांचा नाही.

तिसरा प्रसंग सर्वांत कठोर आहे. मोतीबिंदूने आंधळ्या झालेल्या एका मंगोलास गिल्मोर यांनी समजावून पेकिंगच्या इस्पितळात पाठविले. शस्त्रक्रिया फसली. मग वदंता उठली की या परदेशी माणसाने त्याच्या डोळ्यातील रत्न काढून घेतले. त्या बाजूस गिल्मोर यांना वावरणेही धोक्याचे झाले. पूर्वी तिएन्त्सिनमध्ये जिने रक्तपात घडवला तीच अफवा नव्या रूपाने आली असे म्हणून पाश्चात्त्य वाचक सुटतो. अज्ञान, दुसरे काय! आम्हांस इतक्या सहज सुटता येत नाही. जो मनुष्य दूर देशाहून येतो, मोबदला घेत नाही, टिपणे करतो, डोंगर न्याहाळतो, आणि मग म्हणतो की तुमचे डोळे माझ्या हाती द्या, त्याचा हेतू काय असेल, हा प्रश्न पडणे हे अज्ञानाचे लक्षण मानता येईल काय? गिल्मोर यांनीच सांगितले आहे की ते लिहिताना दिसले तर स्वारी करणाऱ्या फौजेसाठी नकाशा काढीत आहेत असे लोकांस वाटे. एकोणिसाव्या शतकातील आशियाचा इतिहास ज्याने वाचला आहे तो या शंकेस हसणार नाही. अफवा खोटी होती. परंतु तिच्यामागचा प्रश्न खोटा नव्हता. 'हा मनुष्य आमच्याकडून काय नेणार आहे?' असा तो प्रश्न होता.

आणि त्या प्रश्नास ग्रंथ प्रामाणिकपणे उत्तर देतो. औषध हे दार आहे, असे गिल्मोर मानतात. औषधामुळे मनुष्य जवळ बसतो, आणि जवळ बसला की त्यास दोन शब्द सांगता येतात. ते गुप्त ठेवीत नाहीत, औषध देण्यापूर्वी कोणास धर्म स्वीकारण्याची अट घालीत नाहीत, आणि पुस्तक न घेणाऱ्यास हाकलून देत नाहीत. एवढे मान्य करूनही आमचा आक्षेप उरतो. दुखण्याने जेरीस आलेला मनुष्य वादास समर्थ नसतो. तो ज्याच्या हाताकडे पाहतो त्याच्या मुखातील शब्दास 'नाही' म्हणणे त्यास जड जाते. अशा क्षणी केलेला उपदेश कितीही सौम्य असला तरी दोन्ही पारड्यांत समान वजन राहत नाही. वेदना हे दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरण्याचे दार समजणे, यात वेदनेचा अपमान आहे. गिल्मोर यांस हा विचार स्पर्शून गेल्याचे आम्हांस ग्रंथात दिसत नाही, आणि एरवी इतक्या सूक्ष्म दृष्टीच्या लेखकात ही उणीव डोळ्यांत भरते.

त्यांच्या दृष्टीचा दुसरा दोष लामांच्या धर्माविषयी आहे. लामांतील आळस, लोभ आणि दुराचार त्यांनी पाहिला व लिहिला. तो खोटा होता असे म्हणण्याचे कारण नाही. मठ श्रीमंत झाले की काय होते हे आपणांसही ठाऊक आहे. पण वू-ताई-शानच्या यात्रेस निघालेले किंवा पावलोपावली दंडवत घालीत पवित्र स्थानास फेरी करणारे भाविक पाहिले की गिल्मोर यांची लेखणी एकदम कोरडी होते. त्यांस श्रम दिसतात, झिजलेले गुडघे दिसतात, आणि फुकट गेलेली शक्ती दिसते. ज्यांनी आपल्या देवळांत नवस फेडण्यासाठी ओल्या वस्त्रांनिशी लोटांगण घालणारी माणसे पाहिली आहेत, त्यांस त्या दृश्यात आणखीही काही दिसले असते. अमुक एक गोष्ट फळली म्हणून मनुष्य स्वतःचे शरीर देवापुढे जमिनीस टेकवतो, तेव्हा त्या कृतीस स्वतःची एक भाषा असते. मंगोलांची बोली शिकण्यासाठी गिल्मोर यांनी लामाच्या तंबूत कित्येक दिवस काढले. ही दुसरी भाषा शिकण्याची गरज मात्र त्यांस वाटली नाही.

लामा वैद्यांविषयीही असेच झाले आहे. त्यांचे उपचार म्हणजे अडाणीपणाचा खेळ, अशी लेखकाची सर्वसाधारण धारणा दिसते. तिबेटी आणि तिच्यामागून मंगोल वैद्यकात वात, पित्त, कफ हेच तीन दोष तिबेटी नावांनी सांगितलेले आहेत, आणि वाग्भटाचे 'अष्टांगहृदय' तिबेटीत भाषांतरित होऊन बौद्ध शास्त्रग्रंथांच्या संग्रहात समाविष्ट झालेले आहे, ही गोष्ट येथे ध्यानी घेतली पाहिजे. म्हणजे गोबीच्या काठावरचा लामा खरजेवर किंवा संधिवातावर जे सांगत होता त्याचे एक मूळ आपल्या वैद्यांच्या पोथीत होते. यावरून त्या उपचारांनी मोतीबिंदू बरा झाला असता असा दावा कोणी करू नये. क्विनाइन आणि शस्त्र यांचे श्रेष्ठत्व जेथे आहे तेथे ते आहेच. परंतु समोरच्या तंबूत एक प्राचीन विद्या बसलेली आहे, ती जीर्ण झाली असली तरी विद्या आहे, हे न ओळखता केलेली तुलना अपुरी राहते.

इतके दोष दाखवल्यानंतर आता जे सांगावयाचे ते अधिक महत्त्वाचे आहे. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा गिल्मोर मंगोलांत यावयास लागून बारा-तेरा वर्षे झाली होती, आणि एकही मंगोल ख्रिस्ती झालेला नव्हता. पहिल्याने १८८४ साली श्रद्धा प्रकट केली आणि त्याचा बाप्तिस्माही दुसऱ्याच एका अमेरिकन मिशनऱ्याच्या हातून झाला. १८८५ साली गिल्मोर यांच्या पत्नीचे निधन झाले. ज्या बाईने १८७६ साली पतीबरोबर मंगोलियातील तंबूत दिवस काढले होते, तीही गेली. मुलांस स्कॉटलंडला पाठवून गिल्मोर पूर्व मंगोलियाकडे वळले. तो भाग मेंढपाळांचा कमी आणि शेतकऱ्यांचा अधिक. तेथे चिनी वस्तीही पुष्कळ. तेथे ते बाजारात तंबू ठोकून सकाळपासून सायंकाळपर्यंत रोगी पाहत. चिनी पोशाख, हलक्या सरायांतील मुक्काम आणि शाकाहार, असे त्यांचे राहणे झाले.

त्या काळातील आठ महिन्यांच्या कामाचा हिशोब त्यांनी १८८६ साली सोसायटीस पाठविला. तो त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड लव्हेट यांनी १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात आहे. पाहिलेले रोगी सुमारे ५,७१७. उपदेश ऐकणारे २३,७५५. विकलेली पुस्तके ३,०६७. वाटलेल्या पत्रिका ४,५००. चाललेला प्रवास १,८६० मैल. आणि उघडपणे ख्रिस्ताचा स्वीकार करणारी माणसे दोन!

हा आकडा आम्ही विजयाच्या भावनेने येथे उतरलेला नाही. धार्मिक संस्थांच्या अहवालांचे वाङ्मय ज्यांनी थोडे तरी चाळले आहे त्यांस ठाऊक आहे की असल्या ठिकाणी 'पुष्कळ', 'उत्साहवर्धक', 'बीज पेरले गेले' असे शब्द येतात. ज्या संस्थेच्या पैशावर आपण जगतो तिच्यापुढे पाच हजारांच्या शेजारी दोन हा आकडा मांडण्यास निराळ्याच जातीचे सत्यप्रेम लागते. आपल्या देवस्थानांच्या वार्षिक अहवालांत असा एखादा आकडा कधी पाहिल्याचे आम्हांस स्मरत नाही.

त्या दोन आकड्यांमधले अंतर नीट पाहिले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. गिल्मोर यांच्या संकल्पात सेवा सकाम होती. तिला फळ हवे होते आणि ते कोणते हे ठरलेले होते. परंतु फळ आले नाही आणि तरीही सेवा थांबली नाही. एक वर्ष नव्हे, वीस वर्षे. १८९१ च्या मे महिन्यात तिएन्त्सिन येथे टायफसच्या तापाने ते वारले, तोपर्यंत ती चालूच होती. मनुष्य ज्या कर्माचे फळ मागत राहतो आणि ते मिळत नसतानाही जे सोडवत नाही, त्या कर्मास काय म्हणावे? निष्काम म्हणता येत नाही, कारण कामना होती. सकाम म्हणावे तर कामनेचा आधार तुटल्यावर ते कोसळावयास हवे होते. गीतेवर प्रवचने ऐकणाऱ्या आपल्या समाजास हा प्रश्न परका वाटू नये.

याच माणसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्रंथात तपकिरीच्या डबीच्या देवघेवीचे एवढ्या रसिकतेने वर्णन करणारा हा पाहुणा उत्तरायुष्यात कठोर झाला. नव्या ख्रिस्त्याने दारू आणि अफू यांबरोबर तंबाखूही सोडलीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला आणि तो त्यांच्या सहकाऱ्यांसही पटला नाही. ग्रंथातील गिल्मोर आणि चरित्रातील गिल्मोर यांत आम्हांस ग्रंथातीलच अधिक प्रिय आहेत. तेथे ते अजून पाहुणे आहेत आणि त्यांस यजमानांच्या चालीरीतींचे कुतूहल आहे.

मंगोलाने औषध घेतले आणि धर्म घेतला नाही, हा प्रकार गोमंतकाच्या इतिहासात उलट्या बाजूने घडलेला आहे. डच प्रवासी लिन्स्खोटेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. तो सांगतो की येथील हिंदू वैद्य केवळ आपल्या लोकांवरच नव्हे तर पोर्तुगीजांवरही उपचार करीत. खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि पाद्री यांचा स्वदेशीय वैद्यांपेक्षा या वैद्यांवर अधिक विश्वास असे. ज्या काळात देवळे पाडली जात होती त्याच काळात हे चालले होते. काढा चालत होता. काढा देणाऱ्याचा देव चालत नव्हता. त्या वैद्यांनी नाडी पाहताना व्हाइसरॉयास मंगेशाचे किंवा शांतादुर्गेचे माहात्म्य ऐकवले असेल असे संभवत नाही. ऐकवण्याची सोयही नव्हती. पण रोगी आणि वैद्य यांत धर्माचे एवढे अंतर असतानाही विश्वास बसू शकतो, हे त्यांनी व त्यांच्या रोग्यांनी दाखवून दिले. गोबीच्या काठी आणि मांडवीच्या काठी माणसाने शेवटी एकच निवड केली. दुखणे बरे करणाऱ्याचा हात धरावयाचा, आणि मन आपलेच ठेवावयाचे.

जवळचे उदाहरण मिरजेचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तेथे मिशनचे इस्पितळ उभारले. बेळगाव, कोल्हापूर आणि गोवे या भागांतील किती घरांतून वडीलधारी माणसे शस्त्रक्रियेसाठी मिरजेस गेली, ते त्या त्या घरांस ठाऊक आहे. ती बरी होऊन परत आली, डॉक्टरांचे नाव कृतज्ञतेने घेत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तुळशीस पाणीही घालू लागली. गिल्मोर यांच्या मंगोलास आपण परका का मानावा?

ग्रंथाचा शेवट गिल्मोर यांच्या हाती नव्हता. तो इतिहासाने लिहिला. ज्या मठांविषयी त्यांनी इतके कठोर लिहिले, ते बाह्य मंगोलियातील मठ १९३७ ते १९३९ या वर्षांत राज्यसत्तेने उद्ध्वस्त केले आणि हजारो लामांस ठार मारले. औषधाच्या पेटीने वीस वर्षांत जे झाले नाही, ते बंदुकीने दोन-तीन वर्षांत केले. तरीही तो धर्म पुरता मेला नाही. १९९० नंतर मठ पुन्हा उघडू लागले, आणि त्या कामी १९९० ते २००० या काळात भारताचे राजदूत असलेल्या लडाखच्या कुशोक बकुल रिंपोचे यांनी मोठा हातभार लावला. आता 'अमंग द मंगोल्स' वाचताना लामांवरील टीकेची पाने निराळी लागतात. लेखकाने ज्यांचे दोष मोजले त्यांचा संसारच पुढे मोडला, आणि आज ते जग पाहावयाचे तर ज्या थोड्या ग्रंथांकडे वळावे लागते त्यांत या टीकाकाराचाही ग्रंथ आहे. तंबू, कुत्री, चहा, तपकीर, दंडवत घालणारे यात्रेकरू, सारे त्यात जसेच्या तसे आहे. उपदेशकाचे काम वाया गेले. लेखकाचे गेले नाही.

मग आपण या ग्रंथाचे काय करावे? त्यातील हेतूवर रागावून तो मिटून ठेवणे सोपे आहे. परंतु मिटलेल्या ग्रंथातूनही एक प्रश्न आपला पाठलाग करतो. सत्तरी-सांग्यापासून खानापूरच्या रानापर्यंत गवळी-धनगरांचे वाडे आहेत. जत्रेच्या दिवशी ही माणसे डोंगर उतरून देवळात येतात, दूध-तूप देवास वाहतात आणि सायंकाळी परत जातात. त्यांच्या चुलींच्या धुराने त्यांचेही डोळे लाल होत असतील. त्यांचे डोळे पाहावयास १,८६० मैल चालण्याची गरज नाही. देवळाच्या अग्रशाळेपासून अर्ध्या दिवसाची वाट पुरते. तेथे जो जाईल त्याच्या पिशवीत पुस्तक नसावे, आणि परतल्यावर किती जण देवळाचे भक्त झाले याचा आकडाही त्याने मांडू नये. औषध द्यावे, चहा घ्यावा, यावे. गिल्मोर यांच्या मार्गातील जे आपणांस खटकते ते वगळण्याचा अधिकार आपणांस आहे. पण जो मुळात वाटेलाच लागला नाही, त्याने वगळले असे म्हणता येणार नाही.

वाङ्मयीन दृष्टीनेही एक सूचना करावीशी वाटते. साऱ्या ग्रंथाचा अनुवाद कदाचित कोणी हाती घेणार नाही; परंतु रोग आणि औषधे यांवरील प्रकरण मराठीत आणण्याजोगे आहे. ते काम वाग्भट वाचलेल्या एखाद्या वैद्याने करावे, आणि खाली टिपा द्याव्यात. लामा काय म्हणत होता, गिल्मोर काय समजले, आणि आमचा ग्रंथ काय सांगतो, हे तिन्ही एका पानावर आले तर त्या कुरणावरील तंबूत अर्धवट राहिलेले संभाषण पुढे चालू होईल. चिडल्यावाचून आणि भारावल्यावाचून हा ग्रंथ वाचू शकणारा वाचक आपल्यांत आहे, अशी आमची समजूत आहे. त्याच्या हाती तो पडावा.